तार कुठे संपते? घरातल्या बिनतारी इंटरनेटचा इतिहास

आजचा विषय एका श्रोत्यांच्या पत्रातून आला आहे. मागे आपण तारायंत्राचा इतिहास पाहिला, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'तारेबद्दल सांगितलंत ते छान, पण आमच्या घरी तार कधी आलीच नाही. आमचं सगळं सिमकार्डावर चालतं. त्याला काही इतिहास आहे की नाही?' इतिहास आहे, आणि आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. आज तो जमेल तेवढा सांगायचा आहे.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आम्ही पुण्याहून दापोली तालुक्यातल्या गावच्या घरी जाऊन अडकलो. खाली पडवीत फोनला रेंज नाही, माडीवरच्या खिडकीपाशी थोडी येते, आणि मागच्या अंगाने सड्यावर चढून गेलं की चांगली येते, अशी तिथली परिस्थिती. शेवटी सिमकार्ड घालायचा एक राउटर मिळवला आणि माडीच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला. दोन महिने घरातल्यांच्या नोकऱ्या, मुलांची शाळा आणि आमची व्याख्यानं त्या सुतळीवर लटकलेली होती.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. कौलं उडाली, माड आणि पोफळी आडव्या झाल्या, वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. मग एके दिवशी कुणीतरी सांगत आलं की जनरेटर लावून टॉवर सुरू केलाय. खरंच, फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या दिसायला लागल्या. आधी कधी दिसल्या नव्हत्या इतक्या. पण एक पान उघडेल तर शपथ! पुढे कळलं की टॉवरपर्यंत येणारी केबल वाटेत झाडं पडून तुटली होती. म्हणजे टॉवर आणि आमची खिडकी यांच्यामधली हवा अगदी ठणठणीत होती. गेली होती ती टॉवरच्या मागची तार.

तेव्हापासून आम्ही या सगळ्या इतिहासाकडे एकाच प्रश्नातून बघतो: तार कुठे संपते? पूर्णपणे बिनतारी इंटरनेट असं काही नसतंच. उपग्रहावरून येणारं इंटरनेटसुद्धा जमिनीवरच्या कुठल्यातरी केंद्रात तारेला मिळतं. तार घरात संपते, गल्लीतल्या खांबावर संपते, की पाच-दहा किलोमीटरवरच्या टॉवरपाशी, एवढाच फरक. आणि तार संपल्यावर उरलेलं अंतर कोण, कसं आणि कुणाच्या खर्चाने तोडतो, हा आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

पंगत आणि वाढपी

संगणकांना बिनतारी जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला तो हवाई बेटांवर. नाव योगायोगाने चपखल आहे. हवाई विद्यापीठाची महाविद्यालयं वेगवेगळ्या बेटांवर, मध्ये समुद्र, आणि मुख्य संगणक ओआहू बेटावर. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या होत्या. तेव्हा नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींवरून संगणक जोडायचं ठरवलं. जून १९७१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. तिचं नाव 'अलोहानेट'. वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

अडचण अशी की लहर एक आणि बोलणारे अनेक. आपल्याकडच्या पंगतीचं उदाहरण घ्या. सगळ्यांनी एकदम 'आमटी, आमटी' म्हणून आवाज दिला तर वाढप्याला कुणाचंच नीट ऐकू येत नाही. अब्रॅमसन यांनी उपाय काढला तो फार साधा. ज्याला बोलायचंय त्याने खुशाल बोलावं. दोघांचे आवाज एकमेकांवर आदळले आणि पोच आली नाही, तर प्रत्येकाने थोडं थांबावं आणि पुन्हा बोलावं. फक्त किती थांबायचं ते ज्याचं त्याने चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचं, म्हणजे दोघं पुन्हा एकदम बोलणार नाहीत. गणित केलं तर या पद्धतीत लहरीची जेमतेम १८ टक्के क्षमता वापरता येते. तरीही ती चालली, कारण तारेपेक्षा ती सोयीची होती.

आज टॉवर हा हुशार वाढपी झाला आहे. कुणाला किती क्षण द्यायचे, कुणाच्या पानात किती वाढायचं, हे तोच ठरवतो. पण तुमचा फोन 'मला काहीतरी पाठवायचंय' असं पहिल्यांदा सांगतो तेव्हाची पद्धत आजही अलोहाच्याच घराण्यातली आहे. आणि मूळ गोष्ट मुळीच बदललेली नाही. तारेतला वेग बऱ्याच अंशी तुमचा एकट्याचा असतो, हवेतला वेग पंगतीचा असतो. रात्री नऊ वाजता नेट मंदावतं ते याच कारणाने. टॉवर बिघडलेला नसतो, पंगत मोठी झालेली असते.

दोन पंधरवडे आणि तांब्याची तार

आता आपल्याकडे येऊ. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. देशातला तो पहिला मोबाइल कॉल मानतात. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. आज एका हातात मावणाऱ्या या दोन गोष्टी एकाच पावसाळ्यात आल्या, पण दोघींची वाट वेगळी होती. मोबाइल होता बोलण्यासाठी. इंटरनेट यायचं टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या त्या किंचाळणाऱ्या आवाजासकट. आणि वेग? सेकंदाला ९.६ किलोबिट. म्हणजे तेच ९,६०० बिट, जे हवाईमध्ये चोवीस वर्षांपूर्वी हवेतून धावत होते.

पण त्या तारेसाठी आधी घरी टेलिफोन पाहिजे. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली माणसं या सभागृहातही असतील. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने सांगितलं होतं की १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन मिळेल आणि प्रत्येक गावात फोन पोहोचेल. तसं झालं नाही. त्यामागे नुसता सरकारी आळस नव्हता. तांब्याची तार गावोगाव न्यायची म्हणजे खांब रोवायचे, चर खणायचे, पावसाळ्यात डेड झालेल्या लाइनी दुरुस्त करायच्या. शहरात एका चरातून शेकडो घरं जोडली जातात. कोकणातल्या वाडीत एका चरातून चार.

म्हणून गावांसाठी बिनतारीचा विचार आधीपासूनच चालू होता, आणि त्याचा पहिला मोठा अनुभव वाईट आहे. तो फारसा सांगितला जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. १९९० च्या दशकात गावातला सार्वजनिक फोन देण्यासाठी दूरसंचार खात्याने 'मार' नावाची रेडिओ यंत्रणा वापरली. मध्यभागी एक केंद्र आणि आजूबाजूच्या गावांत अँटेना आणि फोन. कागदावर गावाला फोन मिळाला, पण यातले असंख्य फोन बंदच पडून राहिले. बॅटरी उतरल्या, वीज नव्हती, अँटेना वाऱ्याने फिरली तर सरळ करायला माणूस नव्हता. शेवटी देशभरातले पावणेदोन लाखांहून अधिक असे फोन काढून त्या जागी दुसरी यंत्रणा बसवावी लागली. रेडिओचं तंत्र चुकलं होतं असं म्हणता येत नाही. तार जिथे संपली तिथून पुढच्या यंत्राला वीज आणि दुरुस्ती लागते, ही गोष्ट कुणी हिशेबात धरलीच नव्हती.

दहा हजारांचं गणित

याच काळात आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि त्यांचा टेनेट हा गट वेगळं गणित मांडत होता. एक टेलिफोन जोडणी द्यायला तेव्हा सुमारे तीस हजार रुपये भांडवल लागायचं. एवढ्या भांडवलावर परतावा मिळवायचा तर भाडं इतकं ठेवावं लागेल की देशातल्या फार थोड्या घरांना ते परवडेल. हा खर्च दहा हजारांपर्यंत आणला तरच फोन आणि इंटरनेट सर्वसामान्य घरात जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळ्यांत जास्त पैसा जातो तो शेवटच्या टप्प्यातल्या तांब्यावर. मग तोच टप्पा बिनतारी का करू नये?

यातून 'कॉर्डेक्ट' ही यंत्रणा तयार झाली. घराच्या भिंतीवर एक डबा, त्याला एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला संगणक. बोलता बोलता ३५ किलोबिट वेगाने इंटरनेट, आणि फोन ठेवला तर ७०. समोर अडथळा नसेल तर दहा किलोमीटरपर्यंत पोहोच. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यात यावर गावोगावची इंटरनेट केंद्रं चालली. आज ७० किलोबिट म्हटलं की हसू येतं. पण घरच्या इंटरनेटसाठीच म्हणून या देशात विचारपूर्वक बांधलेल्या पहिल्या बिनतारी यंत्रणांपैकी ही एक होती. पुढे मोबाइलची लाट एवढी मोठी आली की जगभर तयार होणारी मोबाइलची यंत्रं स्वस्त होत गेली आणि कॉर्डेक्ट मागे पडली. २००४ साली देशातल्या मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली, आणि त्यानंतर तांब्याची तार पुन्हा कधी पुढे आली नाही.

महाराष्ट्रातही याच वळणाचं एक उदाहरण आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसवले. कल्पना अशी की शेतकऱ्याला शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी कामं, सगळं तिथे मिळेल. प्रत्यक्षात ही केंद्रं मुख्यतः वापरली गेली ती उसाच्या हिशेबासाठी. किती टन गेला, खत किती उचललं, बिल किती झालं. संगणक जुने झाले, सांभाळायचा खर्च वाढला. मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा, उत्तरात हिशेब यायचा. त्यांनी प्रयोगाला नाव दिलं 'वारणा अनवायर्ड'. 'वायर्ड' ते 'अनवायर्ड' हा प्रवास आठ-नऊ वर्षांत झाला, तोही एका साखर कारखान्याच्या आवारात! लोकांना तार हवी होती की बिनतार, हा प्रश्नच नव्हता. त्यांना उसाचं वजन वेळेवर कळायला हवं होतं.

परवाना, वायफाय आणि एक गैरसमज

इथे थोडं कायद्याकडे वळू. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार बिनतारी यंत्र बाळगायला परवाना लागायचा. घरात रेडिओ असला तरी. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढलेलं, त्याच्या पुस्तकात तिकिटं चिकटवलेली ज्येष्ठांना आठवत असतील. ऐकायला लायसन लागायचं, मग बोलणाऱ्या यंत्राची काय कथा. संगणकाच्या बिनतारी जाळ्याचं मानक, ज्याला आपण वायफाय म्हणतो, ते १९९७ मध्ये आलं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी, म्हणजे वायफायच्या मुख्य लहरी, घराबाहेरही विनापरवाना वापरायची मुभा मिळाली ती जानेवारी २००५ मध्ये. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा खुला व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडलं.

वायफायमुळे एक गैरसमज मात्र पक्का झाला. 'वायफाय बसवलं' म्हणजे इंटरनेट आलं, असं आपण बोलतो. वायफाय हा घरातल्या घरातला शेवटचा दहा-वीस मीटरचा टप्पा. त्याच्या मागे काय आहे, फायबर आहे, तांबं आहे की सिमकार्ड, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आमच्या घरी वादळानंतर वायफाय अगदी व्यवस्थित चालू होतं. इन्व्हर्टरवर राउटरचा दिवा हिरवागार. फक्त जगाशी संबंध नव्हता.

खुल्या लहरींचा चांगला उपयोगही सांगितला पाहिजे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या गटाने 'ग्राम मार्ग' या नावाने पालघर जिल्ह्यात प्रयोग केले. टीव्हीसाठी राखून ठेवलेल्या लहरींचे बरेच पट्टे देशात रिकामे पडून असतात. त्यांच्या अभ्यासात पंधरा पट्ट्यांपैकी सरासरी बारा रिकामे आढळले. या लहरी झाडांतून, उंचसखल भागातून बऱ्या जातात. मग फायबर जिथे संपतं तिथून गावापर्यंतचा मधला टप्पा या लहरींनी जोडायचा आणि गावात वायफाय द्यायचं. सुरुवातीला सात गावांत हे केलं. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. तार कुठे संपते हे आधी मान्य करून पुढचं अंतर नीट मोजलं, हे या प्रयोगाचं वेगळेपण.

डोंगलचे दिवस

आता डोंगल. २००९-१० च्या सुमारास लॅपटॉपच्या कडेला खोचलेली ती पांढरी-काळी कांडी आठवा. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट. वेग कागदावर ३.१ मेगाबिटपर्यंत. शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना तिने पहिल्यांदा स्वतःचं इंटरनेट दिलं. घरमालकाची परवानगी नको, भिंतीला भोक नको, खोली बदलली तर नेट खिशात. तेव्हा प्रत्येक खोलीत एक 'डोंगलची जागा' असायची, आणि यूएसबीची लांब वायर लावून डोंगल खिडकीबाहेर सोडणं ही सर्वमान्य विद्या होती.

२०१० चे लिलाव या गोष्टीतला मोठा वळणबिंदू आहेत. थ्रीजीचा लिलाव ९ एप्रिलला सुरू होऊन १९ मे रोजी संपला. त्यातून सरकारला ६७ हजार कोटींहून अधिक रुपये मिळाले, म्हणून बातम्या त्याच्याच झाल्या. लगोलग दुसरा लिलाव झाला, बिनतारी ब्रॉडबँडच्या लहरींचा. या लहरी तेव्हा फक्त डेटासाठी होत्या. घरोघरी आणि कार्यालयांत तारेशिवाय ब्रॉडबँड न्यायचं, हा त्यांचा हेतू. देशातल्या सर्व २२ परिमंडळांत या लहरी घेणारी कंपनी एकच होती, इन्फोटेल ब्रॉडबँड. तिने १२,८४८ कोटी रुपयांची बोली लावली, आणि लिलाव संपला त्याच दिवशी, ११ जूनला, रिलायन्स इंडस्ट्रीजने ती कंपनी ताब्यात घेत असल्याचं जाहीर केलं.

एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने कोलकात्यात देशातलं पहिलं फोरजी सुरू केलं. त्याच वर्षी ते पुण्यातही आलं. हे फोरजी फोनवर आलं नव्हतं. डोंगल आणि घरात ठेवायचा राउटर, अशा रूपात आलं होतं. म्हणजे आपल्या देशात फोरजी आधी घरात आलं आणि मग खिशात गेलं. २०१३ मध्ये जादा शुल्क भरून याच लहरींवरून बोलण्याचीही परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. ट्रायच्या आकड्यांनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत होते, २०१८ मध्ये ते बारा रुपयांच्या आत आले. घरासाठी आणलेल्या लहरी खिशात गेल्या, आणि मग लोकांनी खिशातला फोन टेबलावर ठेवून हॉटस्पॉट सुरू केला आणि त्या पुन्हा घरासाठी वापरल्या. असा हा उलटसुलट प्रवास.

परिणाम किती मोठा? मार्च २०२४ मध्ये देशात सुमारे ९२ कोटी ब्रॉडबँड जोडण्या होत्या. त्यात तारेने आलेल्या साधारण चार कोटी. उरलेल्या सगळ्या बिनतारी. तार येईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून जी गोष्ट आली, तीच या देशाचं इंटरनेट झाली.

२०२० : हिशेब समोर आला तेव्हा

स्वस्त झालं म्हणजे भरवशाचं झालं असं आपण धरून चाललो होतो. टाळेबंदीत हिशेब समोर आला. त्याआधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या सुमारे १५ टक्के घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती, आणि संगणक तर साडेचार टक्क्यांहूनही कमी घरांत. अशा देशात शाळा एका रात्रीत फोनवर गेली. सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी रेंज मिळते म्हणून भर पावसात डोंगरावरच्या झोपडीत बसून अभ्यास करत होती, ती बातमी तुम्ही वाचली असेल. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं. पण इतिहासाच्या अभ्यासकाने त्या बातमीकडे आणखी एका नजरेने बघावं. तार संपल्यापासून त्या मुलीच्या वहीपर्यंतचं जे अंतर होतं, ते ती स्वतःच्या पायांनी तोडत होती. 'मार'च्या काळात ते अंतर तोडायला कुणी नव्हतं म्हणून फोन बंद पडले. २०२० मध्ये ते तोडायला घराघरातली माणसं निघाली, आणि आपण त्याला जिद्द म्हणून मोकळे झालो.

टॉवरच्या मागची स्थितीही पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियान जाहीर झालं तेव्हा देशातल्या सुमारे ३० टक्के टॉवरांपर्यंतच फायबर पोहोचलं होतं. उद्दिष्ट होतं ७० टक्क्यांचं. बाकीचे टॉवर दुसऱ्या टॉवरकडून रेडिओनेच डेटा आणतात. तुमच्या फोनवर फोरजी लिहिलेलं असतं, पण टॉवरच्या मागे अरुंद पाइप असेल तर त्या अक्षरांचा उपयोग नाही. विहिरीला पाणी नसेल तर नळ पितळी बसवून काय होणार?

ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेला, पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखला गेलेला प्रकल्प या दुखण्यावरचाच उपाय होता. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं. पण एका ग्रामपंचायतीत चार-पाच वाड्या, आणि वाड्यांमध्ये ओढे, सडे, चढउतार. पंचायतीच्या कार्यालयात संपलेली तार आणि वाडीतलं घर यांच्यामध्ये पुन्हा तोच शेवटचा टप्पा उरतो.

आता पुढे काय

१ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी सुरू झालं, आणि २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एअरटेल आणि जिओ या दोन्ही कंपन्यांनी 'एअरफायबर' बाजारात आणलं. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक डबा बसवायचा, तो टॉवरकडून लहरी घेतो, त्यातून एक केबल घरात उतरते आणि घरात वायफाय. नीट पाहिलंत तर हा आपला जुना ओळखीचा कॉर्डेक्टचा भिंतीवरचा डबा आहे, वेग हजारपटींनी वाढलेला. आणि खिडकीबाहेर सोडलेलं डोंगलही त्यात आहेच. नाव मात्र मोठं गमतीचं. 'एअर' आणि 'फायबर' एकत्र. जाहिरात करणाऱ्यांना नकळत खरं बोलून गेलं म्हणायचं. कारण यातली हवा भरवशाची ठरते ती टॉवरच्या मागे फायबर असेल तरच.

श्रोते नेहमी विचारतात, मग आम्ही घरी काय करावं? इतिहासातून जेवढं निघतं तेवढं सांगतो. कांड्यांवर विश्वास ठेवू नका. राउटरच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ९० च्या आसपास असेल तर काम चालतं, उणे ११० च्या पलीकडे गेला तर राउटरची जागा बदला. राउटर आपल्या सोयीच्या जागी न ठेवता लहरीच्या सोयीच्या जागी ठेवा, उंचावर, टॉवरच्या बाजूला, आणि तिथून केबलने आत आणा. राउटरला छोटी बॅटरी जोडा, म्हणजे वीज गेल्याबरोबर मीटिंग जाणार नाही. आणि दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवणार असाल तर एक चौकशी आधी करा. आपल्याकडे अनेक कंपन्या एकच टॉवर वाटून घेतात. दोन सिमं एकाच टॉवरवर आणि एकाच केबलवर लटकलेली असतील, तर वादळात दोन्ही एकदम जातात. आमची तशीच गेली.

पण हे सगळे घरगुती उपाय झाले. त्यांनी सुतळीची गाठ पक्की होते, तार जवळ येत नाही. ब्रॉडबँड म्हणजे काय याची सरकारी व्याख्या २००४ मध्ये २५६ किलोबिट होती, मग ५१२ झाली, २०२३ पासून २ मेगाबिट आहे. प्रत्येक वेळी व्याख्या वेगाची झाली. महिन्यातले किती तास ते चालू असलं पाहिजे, वादळानंतर किती दिवसांत परत आलं पाहिजे, हे त्या व्याख्येत नाही. विजेच्या बाबतीत आपण ग्रामसभेत हे प्रश्न विचारतो. रोहित्र जळालं की किती दिवसांत बदलणार, हे विचारायला गाव मिळून जातं. इंटरनेटच्या बाबतीत मात्र प्रत्येक घर एकेकटं सड्यावर चढतं, कारण ते आपण खाजगी सामान मानलं, रिचार्ज मारून घ्यायचं.

त्या पत्र लिहिणाऱ्या श्रोत्यांना आमचं उत्तर हे की तुमच्या घरीही तारेचा इतिहास आहे. तार तुमच्या उंबरठ्याच्या अलीकडे कुठेतरी थांबली आहे, एवढंच. ती नेमकी कुठे थांबली आहे हे एकदा शोधा. टॉवर कुठला, त्याच्या मागे फायबर आहे की रेडिओ, ग्रामपंचायतीतली भारतनेटची पेटी चालू आहे की कुलूपबंद. पुढच्या व्याख्यानाआधी आम्हाला लिहून कळवा. पत्रं पुरेशी आली तर त्यांचाच नकाशा करून पुढच्या वेळी आपण इथे पडद्यावर लावू. आता प्रश्न घेऊ.